खाली न पडलेला शब्द

सदाकाका कोणत्याही दारातून थेट आत येत नसत. उंबरठ्याशी क्षणभर थांबत, आत कोण कुठे बसले आहे आणि कोणाचा चेहरा कसा आहे हे पाहून घेत, आणि मगच पाऊल टाकत. कुडाळच्या एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत गुणवत्ता विभागाची जबाबदारी घेऊन मी रुजू झाले, तेव्हा ही सवय मला निव्वळ वेळेचा अपव्यय वाटली. बाहेर उपाशीपोटी आलेली माणसे ताटकळत आहेत आणि रक्त काढणारे सर्वांत ज्येष्ठ तंत्रज्ञ दारात उभे राहून चेहरे न्याहाळत आहेत, हे कामाच्या कोणत्याही शास्त्रात बसणारे नव्हते. तसे मी त्यांना सांगितलेही.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "एन्ट्री चुकली, की पुढचा सगळा प्रवेश सावरण्यातच जातो."

माझ्याशी ते कचेरीतली प्रमाण मराठी बोलत. रुग्णांशी मालवणी. आणि रंगात आले, की माझ्याशीही मालवणी.

सदानंद मेस्त्री हे त्यांचे पूर्ण नाव. आठवडाभर कुडाळात भाड्याच्या खोलीत राहत. शनिवारी कुणकेश्वरजवळच्या आपल्या वाडीत पत्नीकडे, म्हणजे सुलोचनाकाकींकडे, जात. जत्रांचा हंगाम सुरू झाला, की मात्र या वेळापत्रकाला अर्थ उरत नसे. काका दशावतारी नट होते. राजा, राणी, राक्षस यांपैकी ते काहीच करत नसत. ते हसवणारे पात्र करत: सेवक, द्वारपाल, वाट चुकलेला भटजी. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरते, कोणी कोणानंतर यायचे ते ठरते, आणि बाकी सारे संवाद लोकांसमोर उभे राहिल्यावर जन्माला येतात. काकांनी उभे आयुष्य अशा न लिहिलेल्या वाक्यांवर काढले होते.

बुटकी अंगकाठी, रुंद खांदे, मिशी नाही, आणि भुवया इतक्या विरळ, की तो चेहरा कोणीतरी रंगवण्यासाठी कोरा सोडला आहे असे वाटावे. खिशात कंगवा. स्वभाव पुरेसा अहंकारी. आपल्या देखत दुसऱ्या कोणाच्या बोलण्यावर माणसे जास्त हसली, तर काका दुपारपर्यंत घुश्शात असत. "काका, एक विनोद सांगा ना," असे म्हटलेले त्यांना मुळीच खपत नसे.

"मी काय मिक्सर आसंय," ते म्हणत, "बटण दाबला की फिरूक?"

देवगडकडचा एक खलाशी आमच्याकडे आला होता. वादळात समुद्रावर राहिलेला माणूस. पण सुई पाहताच त्याचे ओठ पांढरे पडले.

"काका, नको. माका चक्कर येता."

"चक्कर?" काका म्हणाले. "माका पण येता रे."

"तुमका?"

"रगत बघलंय, की डोळ्यांफुडे काळोख. डॉक्टरांक अजून सांगूक नाय. तू असा कर, ह्या हातान माजो खांदो धरून रव. मी पडलंय, तर डोक्याक लागता नये."

त्या माणसाने मोकळ्या हाताने खरोखरच काकांचा खांदा धरला.

"घट धर रे! पडतंय मी!"

"नाय पडूचास. मी आसंय मा," खलाशी त्यांना धीर देत म्हणाला. तोवर नळी भरलेली होती.

पुढे मी या प्रसंगाचे विश्लेषण करण्याचा प्रयत्न केला. रुग्णाच्या भीतीशी वाद घालावा, तिची समजूत काढावी, किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करावे, हे तीन मार्ग आम्हाला ठाऊक होते. काकांनी चौथा मार्ग घेतला. समोरून आलेली भीती त्यांनी खरी मानली, स्वतःच्या अंगावर घेतली आणि त्या माणसाला करायला एक काम दिले. यात दया नव्हती, तंत्र होते. त्यांच्या मंडळाचा नियमच तसा होता: समोरच्याने उच्चारलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. नाटकात एखाद्याच्या तोंडून काही निघाले, म्हणजे ते घडले. तो चुकून बोलला असेल, विसरून बोलला असेल. त्याला तोडायचे नाही. झेलायचे आणि पुढे न्यायचे.

हे तंत्र प्रयोगशाळेत शिकवता येईल, ही कल्पना आमच्या डॉक्टरांची. प्रयोगशाळा त्यांच्या मालकीची. त्यांनी मुंबईहून संवादकौशल्याच्या एक प्रशिक्षिका बोलावल्या होत्या. त्या हुशार होत्या आणि त्यांचा एक खेळ असा होता, की जोडीदार काहीही बोलला तरी आपण "हो, आणि" असे म्हणूनच पुढचे वाक्य सुरू करायचे. काका पहिल्या रांगेत बसून लहान मुलासारखे रमले. दुपारी चहाच्या वेळी मात्र त्यांनी बाईंशी वाद मांडला.

"बाई, हो म्हणणे सोपे आहे हो. हो म्हणून मी पुढे धावलो आणि जोडीदार मागेच राहिला, तर?"

"मग?" बाईंनी विचारले.

"मग थांबायचे. त्याच्याकडे बघायचे. आमच्याकडे नवीन पोरांना आधी तेवढेच शिकवतात. बोलायला नंतर."

बाईंनी ते मनापासून मान्य केले, आणि त्या गेल्यावर दर शनिवारी कामकाज संपले की काकांचा वर्ग भरू लागला. खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि खेळायचे. कोणी संतापलेला रुग्ण व्हायचे, कोणी हरवलेला नमुना, कोणी बंद पडलेले यंत्र. मी सुरुवातीला साशंक होते. पण तक्रारी ऐकताना आमची माणसे पूर्वीसारखी ताठर होत नाहीत, एकाची चूक दुसऱ्यावर ढकलत नाहीत, आणि एकमेकांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतात, हे मला माझ्याच कामात दिसू लागले.

या वर्गाने सर्वांत जास्त कोण बदलले असेल, तर रोझी. मालवणजवळच्या वाडीतली ही ख्रिस्ती मुलगी रक्त उत्तम काढायची. पण कोणी आवाज चढवला, की तिची वाचा बसायची. काका तिच्यासमोर चिडका म्हातारा होऊन उभे राहिले.

"गो, माजो रिपोर्ट खंय?"

"सॉरी, काका."

"माज्या रिपोर्टाचा नाव सॉरी?"

"नाय… सॉरी."

"अगो, पयला नाव सॉरी, आडनाव पण सॉरी? तुमच्यात असा ठेवतत काय?"

सगळे हसले. रोझी रडकुंडीला आली. काकांनी तिला सोडले नाही. आठवड्यामागून आठवडे तोच म्हातारा तिच्यापुढे येत राहिला. आणि एका शनिवारी "माजो रिपोर्ट खंय?" या प्रश्नावर रोझीने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "रिपोर्ट तुमची वाट बघून बघून जेवक गेलो. तुमी पण जेवन येवा, मगे दोघांय एकदम भेटा."

काकांनी टाळी वाजवली. "बघलास? ह्यां चेडू माजी भाकर काढून घेतला!" त्या दिवशी दुसऱ्याच्या बोलण्यावर माणसे हसली आणि काकांना राग आला नाही. पुढे रोझीने आपल्या चर्चच्या सणाला एक लहानसे प्रहसन बसवले. काका पुढच्या बाकावर बसून ते पाहून आले.

एकदा मी त्यांना विचारले, की नोकरी आणि नाटक या दोन्हींत ओढाताण होत नाही का. ते हातमोजे काढत होते. "नोकरी होती म्हणान नाटक टिकला," ते म्हणाले, "आणि नाटक होता म्हणान मी टिकलंय. एक काढलास, तर दुसरा उभा रवात काय, तां माका म्हायत नाय."

काका बोलायला सुरुवात करण्यापूर्वी समोरच्याचा शेवटचा शब्द स्वतःशीच उच्चारत. "चक्कर?" "रिपोर्ट?" "उद्या?" तेवढ्यात पुढचे वाक्य जुळवायला वेळ मिळतो, असे ते नव्या पोरांना सांगत. आजार नेमका या सवयीच्या आड येऊन बसला. उच्चारलेला शब्द आणि पुढचे वाक्य यांमधले अंतर वाढत गेले, आणि आम्ही सर्वांनी त्याला अभिनय म्हटले.

एका सकाळी त्यांनी एकाच रुग्णाला पुन्हा विचारले, "खंयचो रे तू?" त्या मिस्कील माणसाला वाटले, हा खेळ आहे. पहिल्यांदा त्याने आपले गाव सांगितले होते. दुसऱ्यांदा त्याने दुसरेच सांगितले. काकांनी तेही खरे मानले आणि त्या दुसऱ्या गावाची चौकशी सुरू केली. सगळे हसले. काकाही हसले, किंचित उशिरा.

त्याच हंगामात कुडाळात एका सभागृहात त्यांच्या मंडळाचा संध्याकाळचा प्रयोग होता. प्रयोगशाळेतले आम्ही सारे गेलो. मंडळाचे मालक आणि राजाचे काम करणारे नट म्हणजे आबा. काकांचे तरुणपणापासूनचे जोडीदार. आख्यान साधे होते. खोट्या आरोपावरून राजाने राणीला वनात धाडले आहे, पश्चात्तापाने तो तिच्या शोधार्थ सेवकाला पाठवतो, ती ऋषींच्या आश्रमात सुखरूप असल्याची वार्ता सेवक आणतो आणि शेवटी राणी परत येते. सेवक काका. राणी म्हणजे दिगंबर नावाचा तरुण नट, दिवसा वायरमनचे काम करणारा.

काका वनातून परतले. आबा सिंहासनावर, म्हणजे चादर घातलेल्या बाकावर, बसले होते.

"सेवका, राणीचा शोध लागला?"

"लागलो, महाराज."

"सांग, लवकर सांग! कुठे आहे ती?"

"कुठे आहे ती…" काकांनी शब्द झेलला. मग थांबले. ते थांबणे लांबले. "महाराज, राणीसायब गेली."

"गेली? कुठे गेली?"

"मेली, महाराज. वाघान खाल्ल्यान."

पेटीवाल्याचा सूर क्षणभर तुटला. पडद्याआड दिगंबर नऊवारी सावरून, पुढच्या प्रवेशासाठी तयार उभा होता. मला माझ्या जागेवरून त्याच्या हातातल्या बांगड्या दिसत होत्या. आबांनी काकांकडे पाहिले. नियमाप्रमाणे राणी आता मेलेली होती. आबांनी छातीवर हात ठेवला, सिंहासनावरून खाली बसले आणि मेलेल्या राणीसाठी असे पद गायले, की सभागृहात बायका डोळे पुसू लागल्या. राजाने राज्य सोडले, नाटक संपले, टाळ्या थांबेनात. राणी त्या संध्याकाळी रंगमंचावर आलीच नाही.

आत दिगंबर कपाळाला हात लावून बसला होता. "काका, माका मारलात! बायल इलीहा हो माजी, पयल्यांदा, नाटक बघूक!"

रंगपटात हशा उसळला. आबा म्हणाले, "सदा, असो पालट माका ह्या जन्मात सुचलो नसतो." काकांनी आरशासमोर बसून तेलाच्या फडक्याने तोंडाचा रंग पुसायला घेतला आणि सहज विचारले,

"पण दिगंबर आज स्टेजर इलो कित्याक नाय?"

हशा दुप्पट झाला. माझ्या शेजारी उभी असलेली रोझी तेवढी हसली नाही. आणि आबाही हसले नाहीत. त्यांच्या हातातला मुकुट अर्धा पेटाऱ्यात आणि अर्धा बाहेर तसाच राहिला.

त्या हंगामात काकांना मिळाली तेवढी वाहवा पूर्वी कधीच मिळाली नव्हती. ठरलेले आख्यान ते कुठेही वळवत. आबा आणि बाकीचे नट जिवाच्या आकांताने ते झेलत. लोक म्हणत, मेस्त्री आता फार वरच्या पायरीवर पोचला. संहिता असती, तर पहिल्याच रात्री कोणीतरी म्हणाले असते, की हा माणूस वाक्य विसरला. इथे विसरायला वाक्यच नव्हते. एकमेकांना सांभाळण्याची जी कला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घोटली होती, तीच त्यांना काय चालले आहे ते दिसू देत नव्हती.

पण प्रयोगशाळेत शब्दाइतकेच रक्तही खरे असते.

त्या सकाळी एका बाईंचे रक्त जुळवणीसाठी घ्यायचे होते; दुसऱ्या दिवशी त्यांची शस्त्रक्रिया होती. त्यांच्यानंतर एका आजोबांची पाळी होती. काकांनी बाईंचे रक्त काढले आणि नळीवर आजोबांच्या नावाची पट्टी लावली. चुकीच्या गटाचे रक्त चढले तर माणूस मरतो. आमच्या कामात याहून मोठी चूक नाही. ट्रे घेऊन रोझी शेजारी उभी होती.

"काका, नाव इचारलास?"

"नाव?" काका म्हणाले. "माजा नाव सदानंद, तुजा रोझी. इतकी वर्षां झाली, आता काय बारसा करतलंस?"

प्रतीक्षेतली माणसे हसली.

"तेंचा नाव, काका. ह्या नळयेर आजोबांचा नाव आसा. रगत ह्या बायचा."

"बायचा रगत आजोबांक? मगे उद्यापासून आजोबा मासे साफ करूक बसतले!"

पुन्हा हशा. आजोबाही हसले. रोझी हसली नाही. तिने हात पुढे केला.

"नाय, काका," ती म्हणाली. "नाय. ती नळी माका द्या."

काकांनी हातातल्या नळीकडे पाहिले, मग तिच्याकडे. समोरच्याने शब्द खाली टाकला होता. आता पुढे काय करायचे, हे त्यांना कळेना. त्यांनी नळी तिच्या हातात दिली, हातमोजे काढले आणि रुग्णांच्या बाकावर, त्या आजोबांच्या शेजारी, आपली पाळी येण्याची वाट पाहावी तसे जाऊन बसले. लोक अजून हसतच होते.

गोव्याच्या मज्जातज्ज्ञांकडे काकींसोबत मी गेले, कारण आमच्या डॉक्टरांनी मला पाठवले. काका दारात थांबले, खोली पाहून घेतली, मग आत गेले. आज वार कोणता, या प्रश्नावर ते म्हणाले, "वार? तुमका पण म्हायत नाय? बाहेर कॅलेंडर आसा, तेच्यात बघा." "आणि मी कोण?" डॉक्टरांनी विचारले. "तुमी इचारणारे." डॉक्टर हसले, त्यांची दुपार बरी चालली होती. मग त्यांनी कागद पुढे सरकवला आणि घड्याळ काढायला सांगितले. काकांनी सुरेख वर्तुळ काढले. सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले. पेन तिथेच थांबले.

"काटे?" डॉक्टरांनी विचारले.

"काटे…" काका म्हणाले. "काटे माशाक असतत, डॉक्टरांनू."

डॉक्टर हसले. मग कागदाकडे पाहून हसायचे थांबले.

परतल्यावर स्मृतिभ्रंश हे निदान मी काकींना समजावून सांगितले. ते बरे होत नाही, हेही सांगितले. प्रयोगशाळेतले काम त्याच दिवशी संपले. राहिला प्रश्न नाटकाचा. पुढच्या हंगामाच्या तोंडावर आबा वाडीत आले, रोझी आणि मीही गेलो. काका मागच्या अंगणात नारळाच्या झावळ्या ओढत होते, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, आणि परत.

मी माझे मत स्पष्टपणे मांडले: आता थांबवावे. परके गाव, गर्दी, कडक दिवे, अंगावर जड कपडे. यातून भीती वाढेल, आणि एखाद्या रात्री ते भर लोकांत कोसळतील.

"तां खरा," काकी म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "पण बाय, नोकरी गेली तेव्हा तो आठ दिवस जेवलो नाय. आता नाटकातना काढलास, तर ह्या घरात तो कोण म्हणान बसतलो? माका तो कधी काकी म्हणता, कधी बाई म्हणता. सुलोचना म्हणणा नाय. नाटकाचो टेम्पो इलो काय, आबाक मात्र वळाखता."

"वैनी, आमी सांभाळतंव," आबा म्हणाले. "द्वारपाल देतंव तेका. एकच वाक्य. तां पण चुकला तर मी आसंय."

"तुमी आसास, तां म्हायत आसा," काकी म्हणाल्या. "पण तेका लोक हसतत, तां आता माका आयकवणा नाय. आधी ते तेच्या बोलण्याक हसत. आता कोणाक हसतत?"

शेवटी काकींनीच ठरवले: एक हंगाम. तो टेम्पोत आनंदाने चढतो तोवर.

हंगामाच्या मध्यावर एका गावच्या जत्रेत मी तो प्रयोग पाहिला. काकी देवळाच्या बाजूला बायकांत बसल्या होत्या. द्वारपालाने यायचे, "महाराजांचा विजय असो" म्हणायचे आणि जायचे. काका आले. भाला हातात, टोप थोडा तिरका. ते सिंहासनासमोर उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत.

लोक हसले. मेस्त्री उभा राहिला, की लोक हसायचेच.

काकांनी आबांकडे पाहिले, मग लोकांकडे. डोळे मोठे झाले. ते गर्दीत कोणाला तरी शोधू लागले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि जसजसे शोधू लागले तसतसा हशा वाढत गेला. पोरे टाळ्या पिटू लागली. पखवाजवाल्याने सावरण्यासाठी एक थाप दिली. काका दचकले, आणि त्या दचकण्यावर आणखी मोठा हशा झाला.

"बोल, द्वारपाला," आबा मऊ आवाजात म्हणाले. "काय हवे तुला?"

"माका घराक जावचा आसा," काका म्हणाले.

जत्रेतला सर्वांत मोठा हशा या वाक्याला मिळाला.

आबा सिंहासनावरून उतरले. राजाच्या चालीने, राजाच्याच आवाजात ते म्हणाले, "ज्याने आयुष्यभर माझे दार राखले, त्याला घरी पोचवणे हे माझे कर्तव्य आहे." त्यांनी काकांच्या हातातला भाला काढून घेतला, दुसरा हात धरला आणि सावकाश चालत त्यांना पडद्याआड नेले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सिंहासन बराच वेळ रिकामे होते. पखवाज एकटाच वाजत होता. मी बाजूने आत गेले, तेव्हा काकी आधीच तिथे पोचल्या होत्या. त्या काकांच्या तोंडावरचा रंग पदराने पुसत होत्या. तेल न लावता रंग निघत नव्हता, गाल लाल होत होते, तरी त्या पुसतच राहिल्या.

"आबा, आता पुरे," त्या म्हणाल्या. "आता टेम्पो आमच्या दारात हाडू नका."

आबांनी मान हलवली. मग त्यांना परत जाऊन सिंहासनावर बसावे लागले.

पुढच्या वर्षी संशोधनासाठी मला बंगळुरूला प्रवेश मिळाला. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी वाडीत गेले. काका घराच्या पायरीवर बसले होते. दाढी केलेली, केस पाण्याने बसवलेले, धुतलेला सदरा, मांडीवर कापडी पिशवी. माझ्या गाडीचा आवाज ऐकून ते चटकन उठले, पिशवी खांद्याला लावली आणि दोन पावले पुढे आले. गाडी लहान होती. त्यांनी ती नीट पाहिली, आणि पुन्हा बसले.

"रोजचा आसा," काकी म्हणाल्या. "दुपार झाली, काय तोंड धुवन बसता. पयल्यांदा टेम्पो रस्त्यान गेलो तेव्हा मागे धावत गेलो होतो, पार वळणापर्यंत. मगे मीच आबांक सांगितलंय, हयसून येव नका."

मी शेजारी बसले. ते रस्त्याकडे पाहत राहिले. मी निघताना मागे वळून पाहिले, तेव्हा इंजिनाच्या आवाजाने ते पुन्हा उठून उभे राहिले होते, आणि गाडी आपल्या दिशेने येत नसून दूर जाते आहे, हे त्यांना अजून उमगायचे होते.

परतताना महामार्गावरच्या नाक्यावर मंडळाचा टेम्पो उभा दिसला. आचऱ्याकडून देवगडच्या जत्रेला जायचे, तर समुद्राकाठचा रस्ता जवळचा. तो काकांच्या दारावरून जातो. हे लोक आडवळणाने, महामार्गावरून आले होते. दिगंबर मागे पेटाऱ्यावर झोपला होता. आबा टपरीपाशी चहा पीत होते.

"खंयसून इलंस, बाय?"

"कुणकेश्वराहून."

त्यांनी पेला खाली ठेवला. "बसलेलो आसा?"

"बसलेत."

ड्रायव्हर चाक तपासून आला आणि हात पुसत म्हणाला, "आबा, उद्या येताना तरी समुद्राच्या रस्त्यान येवया. पहाटेचा तो निजलेलो असतलो."

"निजणा नाय तो," आबा म्हणाले. "चल, गाडी चालू कर."